लग्नाशिवायचा चौक

"लगीन कोनाचा हाय?"

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर एका म्हाताऱ्या वारली बाईने मला हा प्रश्न विचारला, त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. मी तेव्हा जवळच्या गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो. स्नेहसंमेलन तोंडावर आले होते आणि मंचाच्या मागच्या पडद्यावर वारली चौक असावा, अशी कल्पना मीच शिक्षकांच्या बैठकीत मांडली होती. गेरूने रंगवलेला मोठा कागद आणि पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन मी पाड्यावर गेलो. चौक काढण्यात या बाईचा हात धरणारे आसपास कोणी नाही, असे मुलांनी सांगितले होते. मी म्हणालो, "आजी, आम्हाला एवढा चौक काढून द्या." तिने कागद पाहिला, मला पाहिले आणि तो प्रश्न विचारला. लग्न कोणाचेच नाही, शाळेत कार्यक्रम आहे, असे मी सांगितले. ती हसली. "मंग चौक कशाला? झाड काढते, मोर काढते." आणि तिने खरोखर एक सुंदर झाड काढून दिले. चौक मात्र काढला नाही.

तेव्हा मला तो अडाणी हट्ट वाटला. नंतरच्या काळात वारली लग्ने पाहिली, चित्रकारांच्या घरी बसलो, जे छापून आले ते वाचले, तेव्हा कुठे ध्यानात आले की त्या प्रश्नात या कलेबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती. आज वारली आकृत्या आकाशकंदिलांवर आहेत, साड्यांवर आहेत, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर आहेत, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरही येऊन गेल्या आहेत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो, हे शहरातल्या चौथीच्या मुलालाही ठाऊक आहे. पण हे सगळे ज्या चौकाच्या अवतीभवती जन्मले, तो चौक काय असतो, कोण काढते, कधी काढते आणि त्याच्याशेजारी बसून कोण गाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या लेखात तेच सांगायचे आहे. चौक लग्नातून सुटा झाल्यावर कोणाला काय मिळाले आणि कोणाच्या हातून काय गेले, याचाही थोडा हिशेब मांडायचा आहे.

भिंत, पीठ आणि सवाष्णी

वारल्यांची वस्ती प्रामुख्याने आजच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत आहे. पलीकडे दादरा-नगर हवेलीत आणि दक्षिण गुजरातेतही आहे. जुने वारली घर कुडाचे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यांवर शेणमातीचा गिलावा द्यायचा. लग्न ठरले की घरातली एक भिंत नव्याने सारवून तिला गेरूचा हात देतात. तांदूळ भिजवून, वाटून त्याचे पातळ पीठ करतात. बांबूची काडी टोकाशी चावून किंवा ठेचून मऊ केली की झाली लेखणी. लाल भिंत, पांढरे पीठ आणि काडी, एवढेच साहित्य. रंगांचे हे दारिद्र्य नव्हे. तांदूळ हे या लोकांचे पीक, त्यांचे अन्न आणि देवीचे दान आहे. लग्नाचा चौक दुसऱ्या कशाने काढणार?

चौक काढतात त्या सवाष्णी. मध्ये चौकोन, त्याच्या चारी बाजूंना नक्षीच्या अनेक पदरी चौकटी. या चौकटी नीट पाहिल्या तर डोळे थकतात, इतक्या बारीक रेघा, साखळ्या आणि टोके एकमेकांना धरून असतात. चौकोनाच्या आत पालघाट देवी. ही सुफलतेची देवता आहे. धान्य, झाडे आणि मुलेबाळे हे सगळे तिच्या अखत्यारीत. आसपास चंद्र, सूर्य, फणी, शिडी, बाशिंग अशा खुणा येतात. मोठ्या चौकाजवळ लहान चौक असतो आणि त्यात घोड्यावर स्वार झालेला पंचशिऱ्या देव. त्याच्या धडावर डोक्याच्या जागी पाच कोंब फुटलेले दाखवतात. माणसे, झाडे, नाच, शिकार ही सगळी चित्रे चौकाच्या बाहेर. आपण ज्याला 'वारली चित्र' म्हणून ओळखतो ते मुळात या बाहेरच्या जागेतले. कंदिलावर येऊन बसलेला तारप्याचा फेर चौकाच्या अंगणातला आहे, गाभाऱ्यातला नाही.

वारली चित्रकला दहा हजार वर्षांची आहे, असे आजकाल सर्रास लिहिले जाते. प्रागैतिहासिक गुंफाचित्रांतल्या आकृत्यांशी असलेल्या साम्यावरून हे अनुमान काढतात. साम्य दिसते, हे खरेच. पण कुडाच्या भिंतीवर पिठाने काढलेले चित्र दोन-तीन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही. भिंत पुन्हा सारवली की ते जाते आणि त्याचे कोणाला दुःख होत नाही, कारण ते टिकावे म्हणून काढलेलेच नसते. लग्नाच्या दिवशी देवीने तिथे येऊन बसावे, हा त्याचा हेतू. देवी आली, लग्न लागले, चित्राचे काम झाले. म्हणून या कलेचे वय मोजायचे तर भिंतींकडे पाहून उपयोग नाही. ती एका सवाष्णीच्या हातातून दुसरीच्या हातात गेली, एवढाच तिचा पुरावा आहे, आणि तो पुरेसा आहे.

धवलेरी

भिंतीवर हात फिरत असतात तेव्हा घरात गाणे चालू असते. ते गाणारी धवलेरी. वारल्यांचे लग्न परंपरेने ब्राह्मण लावत नाही, धवलेरी लावते. ती या लग्नाची पुरोहित आहे. देवांना आणि पितरांना बोलावण्यात भगताचा वाटा असतो, पण लग्नाचा विधी पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतो तो तिच्या गाण्यावर. महाराष्ट्रात स्त्रीने लग्न लावणे ही आपल्याकडे गेल्या काही दशकांतली सुधारणा मानतात आणि तिचे योग्य ते कौतुकही होते. डहाणूच्या जंगलपट्टीत ही रीत होतीच, हे मात्र त्या कौतुकात कोणी बोलत नाही.

मी पहिल्यांदा पूर्ण लग्न पाहिले तेव्हा माझ्या चुकीचा मला उलगडा झाला. चौक आणि गाणे ही दोन निराळी कामे आहेत, एक चित्रकला आणि दुसरे संगीत, असे माझ्या मनात होते. तिथे पाहिले तर सवाष्णींचा हात आणि धवलेरीचा आवाज एकाच कामाला लागले होते. गाण्यात ज्याचे नाव येत होते ते भिंतीवर येत होते. तांदूळ कांडणे, पीठ वाटणे, हळद, मांडव, या प्रत्येकाचे गाणे वेगळे. आणि ते ते गाणे झाल्याशिवाय ते ते काम पुरे झाले, असे कोणी मानत नव्हते. गाण्यात नवरा-नवरीच्या आधी धान्य येते, पाणी येते, माती येते. दोन माणसांचे लग्न त्या मोठ्या गोष्टीत कुठेतरी मागाहून येऊन बसते.

आपण मात्र या एकसंध गोष्टीतून फक्त भिंत उचलली. गाणे उचलणे अवघड होते. ते वारली बोलीत आहे, लांबलचक आहे, चौकटीत बसत नाही आणि दिवाणखान्यात टांगता येत नाही.

लग्नाची किंमत

इथे मला घरचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या आजोबांची डहाणूच्या किनाऱ्याकडे वाडी होती. त्यांच्या पश्चात माळ्यावरच्या ट्रंकेत हिशेबाच्या वह्या सापडल्या. १९३८ सालच्या एका वहीत एका वारली गड्याच्या नावापुढे लिहिले होते : 'लग्नापायी रु. ६०'. पुढचा परतफेडीचा रकाना कोरा होता. पुढच्या दोन वह्यांतही तो कोराच. आधी मला वाटले, आजोबांनी उदार होऊन कर्ज सोडून दिले असावे. वडिलांना विचारले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फेडायचं कसलं? तो राबत होता की."

याला 'लग्नगडी' म्हणत. वारली तरुणाला लग्नासाठी पैसे लागत. धान्य, कपडे, ताडी-दारू, पाड्याचे जेवण. ते पैसे जमीनदार किंवा सावकार देई. त्या बदल्यात तो गडी, आणि लग्नानंतर त्याची बायकोही, त्याच्याकडे राबत. व्याज फिटत नसे, हिशेब गड्याला वाचता येत नसे. एका लग्नाच्या बदल्यात दोन माणसांचे आयुष्य जाई. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या पुस्तकात या पद्धतीचे आणि वेठबिगारीचे जे वर्णन आहे, ते वाचताना मला वहीतला तो कोरा रकाना दिसत राहतो. गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने १९४५ मध्ये या भागात लढा उभारला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे चार सोबती मारले गेले. लग्नगडी आणि वेठ या पद्धती मोडल्या त्या या लढ्याने. वारल्यांवरचा के. जे. सावे यांचा 'द वारलीज' हा अभ्यासग्रंथही १९४५ चाच. त्यांच्या चालीरीतींची नोंद ग्रंथात होत होती त्याच वर्षी ते मालकांसमोर ताठ उभे राहायला शिकत होते.

चौकाचा विषय चालू असताना हे सांगायचे कारण असे, की ज्या लग्नासाठी चौक काढतात ते लग्न या समाजाला कधीच स्वस्त नव्हते. आजही कितीतरी जोडपी आधी एकत्र राहू लागतात, संसार थाटतात, मुले होतात आणि ऐपत आली की मग विधिपूर्वक लग्न लावतात. पाड्यावर याला कोणी नावे ठेवत नाही. आई-बापाचे आणि मुलाचे लग्न एकाच मांडवात लागल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. पण ते लग्न एकदा तरी लागावे, देवी एकदा तरी भिंतीवर येऊन बसावी, ही ओढ असते. इतक्या किमतीने आणलेला चौक शाळेच्या पडद्यासाठी मागणारा मी होतो.

एकच माणूस, दोन गावे

चौक घराबाहेर कसा आला, ही कथा बहुतेकांना तुकड्या-तुकड्यांनी माहीत असते. तिचा एक भाग मात्र शेजारी ठेवून पाहावा लागतो.

१९६६-६७ मध्ये बिहारात मोठा दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मधुबनीकडे पाठवले. मिथिलेतल्या बायका लग्नाच्या खोलीच्या भिंतीवर 'कोहबर' काढत. त्यांनी ते कागदावर काढावे, ते विकले जावे आणि दुष्काळात चार पैसे घरात यावेत, असा उद्देश होता. तो सफल झाला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावे देशाला कळली. तिघींनाही पुढे पद्मश्री मिळाली.

१९७० च्या दशकाच्या आरंभी तेच भास्कर कुलकर्णी डहाणूच्या भागात आले. इथेही लग्नाची भिंत होती, बायकांचा हात होता, तांदळाचे पीठ होते, गरिबी होती. कागदही तसाच दिला गेला. पण या वेळी कागदावर नाव उमटले ते पुरुषाचे. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हसे. त्यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली, तेव्हापासून ते बराच काळ बोलतच नसत; मातीत रेघा ओढून सांगायचे ते सांगत. विधी आणि लग्न यांच्याशी संबंध नसतानाही चित्र काढणारा हा माणूस होता. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातले गाजलेले प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

त्यांच्या कामाबद्दल मनात शंका ठेवायला जागा नाही. त्यांनी काढलेले मासेमारीचे जाळे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले असेल, त्यांना ठाऊक असेल की कागदभर पसरलेली ती बारीक वीण आपल्या डोळ्यांदेखत पाण्यात सुटत जाते. चौकाच्या बाहेरची जागा त्यांनी एवढी मोठी केली की तिच्यात सबंध वारली जग मावले. ती नक्कल नव्हती, नवी निर्मिती होती. यशोधरा दालमियांचा वारली चित्रकलेवरचा ग्रंथ १९८८ मध्ये आला, तोवर ही कला जगाच्या नकाशावर आलेली होती.

प्रश्न उरतो तो असा : दोन्हीकडे लग्नाचे चित्र, दोन्हीकडे ते बायकांचेच, मग मिथिलेत बायका चित्रकार झाल्या आणि डहाणूत पुरुष का? मला जे उत्तर सुचते ते सांगतो. मिथिलेत या चित्रांची मातब्बरी मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ घरांत होती. तिथल्या बाईला घराबाहेर पडून कमावण्याची मोकळीक नव्हती. कागद घरात आला आणि उंबरा न ओलांडता कमाईची वाट तिला मिळाली. वारली बाई आधीपासून शेतावर, जंगलात, बाजारात कामाला जातच होती. कागद ही तिची एकुलती एक वाट नव्हती. आणि चौक हा तिचा विरंगुळा नव्हता, लग्नघरातला अधिकार होता. लग्नाशिवाय तो वापरायचा नाही, हे तिच्या लेखी उघड होते. पुरुषाला हा अधिकार नव्हता, म्हणून त्याला हे बंधनही नव्हते. कोऱ्या कागदावर तो काहीही काढायला मोकळा होता.

माझ्या आजीबाईने मला जो नकार दिला, तो कागद घेऊन गेलेल्या इतरांनाही थोड्याफार फरकाने मिळाला असणार. त्या नकारामुळे चौकाचे पावित्र्य राहिले. पण नाव, पैसा, प्रवास, पुरस्कार यांपासून बायका दूर राहिल्या, तेही त्याच नकारामुळे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीसाठी दुसरी झाकता येत नाही. आज अनेक वारली मुली आणि सुना कागदावर उत्तम काम करतात. तरीही एका चित्रकाराच्या घरी मी पाहिले ते असे : पुरुष आकृत्या मांडत होता, घरातल्या दोघी पाने, गवत आणि जाळी भरत होत्या. दिवसभराच्या कामात त्यांचे हात अधिक चालले. खाली सही एकच होती.

नाव राखले, पुढे काय?

२०१० च्या सुमारास एका मोठ्या शीतपेय कंपनीच्या दिवाळीच्या जाहिरातीत वारली आकृत्या झळकल्या. आदिवासी तरुणांच्या संघटनेने हरकत घेतली : आमची कला वापरता, तर आम्हाला विचारले कोणी? पुढे या तरुणांच्या पुढाकारातून २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या वर्षी ठाण्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला तेच हे वर्ष.

मानांकनाबद्दल बराच गैरसमज आहे, म्हणून थोडे स्पष्ट करतो. १९९९ च्या कायद्यानुसार ते एखाद्या प्रदेशातल्या वस्तूच्या नावाचे रक्षण करते. त्या प्रदेशाबाहेर तयार झालेल्या मालावर ते नाव लावून विक्री करता येत नाही. नाव वापरण्याचा हक्क नोंदणी केलेल्या उत्पादकांना मिळतो आणि नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करावी लागते. पण त्रिकोणांचा माणूस काढायला कायद्याने कोणाला मनाई होत नाही. 'वारली' हा शब्द न लिहिता तीच नक्षी चादरीवर छापली, तर मानांकनाच्या बळावर तिला अडवणे कठीण असते. तरी जे मिळाले ते थोडे नाही. स्वतःच्या नावासाठी या समाजाने स्वतः अर्ज केला, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

मात्र कायद्याला लागते ती 'वस्तू' आणि 'उत्पादक'. धवलेरी कोणतीही वस्तू तयार करत नाही. ती गाते आणि गाणे संपते. सवाष्णींचा चौकही विकाऊ नाही. म्हणजे ज्या दोन कामांवर या कलेची उभारणी झाली, ती दोन्ही कागदोपत्री कुठे दिसत नाहीत. चित्र सांभाळायला बाजार आहे, संग्रहालये आहेत, मानांकन आहे. गाणे सांभाळायला फक्त धवलेरीचे स्मरण आहे, आणि ती म्हातारी होत चालली आहे.

मंचावरचे लग्न

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एक सांस्कृतिक महोत्सव झाला. आयोजक संस्थेचे नाव घेत नाही, कारण मी स्वतः समितीत होतो. कार्यक्रमपत्रिकेत एक आकर्षण होते : 'वारली विवाहसोहळा, मंचावर प्रत्यक्ष'. नवरा-नवरी म्हणून महाविद्यालयातली दोन मुले उभी करायची, सवाष्णींनी फळ्यावर चौक काढायचा आणि धवलेरीने गायचे, सगळे वीस मिनिटांत. आजीबाईचा प्रश्न मला आठवत होता, तरी मी बैठकीत गप्प बसलो.

एका धवलेरीला विचारायला गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतले. "गुरजी, मी गायले तर त्या पोरांचा लगीन लागेल ना," ती म्हणाली. आम्ही हसलो, ती हसली नाही. त्या गाण्याने लग्न लागते, यावर तिचा विश्वास होता, तोच तर तिचा व्यवसाय. खोट्या लग्नात ते गाणे म्हणणे तिच्या दृष्टीने खोटी साक्ष देण्यासारखे होते. तिने आणखी एक सांगितले : "तुमाला ऐकायचा तर माज्या पुतणीचे लग्नाला या. जेवून जा."

आयोजकांनी तिच्यावाचून कार्यक्रम केला. ध्वनिमुद्रित गाणे लावले, चौक आधीच छापून घेतला. टाळ्या मिळाल्या. पाड्यांवरून आलेल्या बायका उजवीकडे जमिनीवर बसल्या होत्या. गाणे सुरू झाल्यावर त्यांतल्या काही जणी उठून मागे गेल्या. मी त्यांना थांबवायला गेलो नाही, आणि काय बोललो असतो?

आदिवासी कला लोकांसमोर आणूच नये, असे माझे म्हणणे नाही. तारप्याचा नाच हा मुळातच उघड्यावरचा, सगळ्यांनी मिळून करायचा. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांनी घडवलेले ते वाद्य नव्या भाताच्या दिवसांत वाजू लागले की पाहुण्यालाही फेरात ओढून घेतात. तो महोत्सवात आला तर त्याचे काही बिघडत नाही. कागदावरचे चित्रही जगभर जावे. गंजाडचे राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासोबत केलेल्या कामात छायाचित्रांवर वारली रेषेने जमिनीची आणि जंगलाची कहाणी लिहिली आहे. ही कला आजच्या प्रश्नांवर किती नेमके बोलू शकते, ते त्यात दिसते. पण प्रत्येक समाजात काही गोष्टी दाखवायच्या असतात आणि काही बोलावून घेऊन अनुभवायच्या असतात. कोणती गोष्ट कोणत्या बाजूची, हे ठरवण्याचा हक्क ज्यांची ती आहे त्यांचा. आम्ही समितीत बसून तो परस्पर वापरला.

करता येण्याजोगे

धवलेरीला कलावंत म्हणायचे की पुरोहित, या वादात न पडता तिला जाणकार म्हणून मान आणि मानधन देता येईल. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. गावोगावच्या धवलेरींचे अर्ज त्यात जावेत, यासाठी शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतींनी हातभार लावावा. गाण्यांची नोंद व्हावी, पण धवलेरींच्या संमतीने, त्यांच्याच बोलीत, आणि ती मुद्रिते त्यांच्या समाजाच्या ताब्यात राहावीत. कोणते गाणे बाहेर ऐकवायचे आणि कोणते नाही, हे त्यांनी ठरवावे. आश्रमशाळांत चित्रकलेच्या तासाला वारली आकृत्या शिकवतात. त्याच तासाला गावातली धवलेरी येऊन बसली, तर मुलांना आपल्या घरातल्या चित्राची दुसरी बाजूही कळेल. आणि आपण शहरातल्या माणसांनी वारली चित्र विकत घेताना चितारलेल्या हाताचे नाव विचारावे. एकाहून अधिक हात असतील तर ती सगळी नावे.

त्या पुतणीच्या लग्नाला मी गेलो होतो. गेल्या वैशाखात त्याच घरातल्या दुसऱ्या एका लग्नालाही जाऊन आलो. कूड जाऊन आता घरकुलाची सिमेंटची भिंत आली आहे. तिच्यावर गेरू नीट धरत नाही म्हणून दोन हात द्यावे लागले. मांडवाबाहेर डीजे होता. नवऱ्या मुलाचे छायाचित्र असलेला फलक रस्त्यावर लागला होता. आत दोघी सवाष्णी भिंतीशी बसल्या होत्या. त्यांच्यामागे बारावीत शिकणारी एक मुलगी पिठाची वाटी धरून उभी होती. तिला अजून रेघ ओढायची मुभा नव्हती, पण डोळे भिंतीवरून हलत नव्हते. धवलेरी आली. दारातूनच तिने हाताने खूण केली आणि कोणीतरी धावत जाऊन डीजे बंद केला. वऱ्हाडातली पोरे थोडी कुरकुरली, मग गप्प झाली.

गाणे सुरू झाले. माझ्याजवळ फोन होता, तो मी खिशातच ठेवला. मध्येच त्या मुलीने वाकून मला हळूच विचारले, "गुरजी, तुमाला समजते का?" मी म्हणालो, थोडे थोडे. ती गाणे ऐकत ऐकत मला एकेक ओळ मराठीत सांगत गेली. दोन-तीन ठिकाणी अडली, तेव्हा धवलेरीनेच गाणे न थांबवता तिच्याकडे पाहून तो शब्द पुन्हा म्हटला.